मामाला दिलेलं अर्धं उत्तर

काशिनाथमामा नसता तर मी ग्रॅज्युएट झालो नसतो. खारबावच्या आमच्या घरातलं कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. मामानं मला भिवंडीत स्वतःजवळ ठेवलं, शिकवलं. त्याच मामाशी मी कसा वागलो, हे गेल्या आठवड्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही.

मामा पॉवरलूमवर विणकर. शिफ्टला जाण्याआधी थोडी घ्यायचा. इतरांना पिऊन झोप यायची. मामाला उलट तरतरी. मी फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एकदा डबा द्यायला गेलो, तेव्हा चहाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "भाच्या, मना पिऊन झोप कशी येत न्हाय रं? तुजं पुस्तक काय सांगतं?"

मला उत्तर माहीत होतं — त्याच आठवड्यात शिकलो होतो. मेंदूतल्या पेशींवर निरोप घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. दारू त्यांवर काम करून कुठे मेंदूला मंद करते, कुठे तरतरी आणणारं रसायन सोडते. ही तरतरी कुणात कमी, कुणात जास्त.

"मामा, तुझे रिसेप्टरच वेगळे हायेत," मी म्हणालो. त्यानं माझी पाठ थोपटली.

खोटं नव्हतं ते. पण पुढचं? ज्यांना पिऊन अशी तरतरी येते, त्यांनाच व्यसन जडण्याचा धोका जास्त — हेही त्याच धड्यात होतं. का नाही बोललो? सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते. मला ते हवं होतं.

मग कुणी टोकलं, "क्या काशीभाई, दवा पी के आए?" की मामा म्हणायचा, "भांजा पढ़ा-लिखा है मेरा. बोला है, अपना दिमाग ही अलग है." मामी मला म्हणाली, "तू सांग त्याला, तुजंच ऐकतो." मी विषय बदलला. पिणं वाढत गेलं. आता त्याचे हात थरथरतात, तुटलेला धागा बांधता येत नाही. लूम सुटला. काल्हेरच्या एका गोदामावर तो वॉचमन आहे — आणि तिथेही माझंच वाक्य ऐकवतो.

गेल्या आठवड्यात त्याला पत्र पाठवलं. फोनवर मी पुन्हा विषय बदलला असता.

"मामा,
तुझे रिसेप्टर वेगळे आहेत, हे मी सांगितलं. पण म्हणूनच दारू तुला इतरांपेक्षा जास्त धोक्याची, हे मी दाबून ठेवलं. मला तेव्हाच माहीत होतं. मामीनं तुला समजवायला सांगितलं तेव्हाही माहीत होतं. काल कारखान्यात गेलो होतो. त्या दिवशी चहाला असलेल्यांपैकी दोघंच उरलेत. भाच्यानं मामाला अर्धंच सांगितलं होतं, हे त्यांना सांगून आलो.
— दिनेश"