चिंचेनं घासलेलं पितळ

माझा नवरा जबलपूरला फॅक्टरीच्या आगीच्या बंबावर कामाला होता. साहेबांची तपासणी आली की पाण्याच्या पाइपांची पितळी तोंडं तो गेटवर मोजून घरी आणायचा. चिंच आणि राख लावून मी ती घासायची. आमच्या ओळीतल्या सगळ्या बंबवाल्यांच्या बायका हेच करत. देवाची भांडी घासली नसतील एवढी मी ती तोंडं घासली. त्यांचे आटे माझ्या बोटांना पाठ होते.

माझी नणंद फॅक्टरीच्या भिंतीबाहेर, दोन गल्ल्या सोडून राहायची. लढाईचे दिवस होते. उजेड बाहेर जाऊ नये म्हणून घरोघरी खिडक्यांना काळे कागद चिकटवलेले. त्या दुपारी मी तिच्याकडे गेले होते. तिनं स्टोव्हला पंप मारला आणि भडका थेट खिडकीच्या कागदाला लागला. तिथून छपराला. आम्ही दोघी बाहेर आलो, पण तिचे सासरे आतल्या खोलीत बाजेवर होते. अर्धांगानं त्यांचं एक अंग गेलेलं.

शहराचा बंब लवकर आला, खोटं कशाला बोलू. पण त्यातलं पाणी छपरावरच संपलं.

तेवढ्यात भिंतीवर माझा नवरा दिसला. फॅक्टरीचा बंब लेखी हुकमाशिवाय फाटकाबाहेर काढायचा नाही, असा लढाईतला नियम होता. म्हणून त्यानं बंब आतूनच भिंतीला लावला आणि पाइप बाहेर फेकला. बंब बाहेर नेऊ नका म्हणाले होते, पाण्याबद्दल कोणी काही म्हणालं नव्हतं. मला वाटलं, सुटलो.

पाइप भिंतीच्या पायथ्याशीच संपला. शहराच्या बंबवाल्यानं आपला पाइप तिथवर ओढत आणला. नवऱ्यानं खाली उडी मारली. दोघांनी दोन तोंडं एकमेकांवर ठेवली.

"घुमाओ, भैया."

"अरे, घूमेगा किसमें? इसमें चूड़ी कहाँ है? हमारा तो खटके वाला है."

आमच्या तोंडाला आटे, त्यांच्या तोंडाला खटका. दोन्ही पितळं लखलखत होती. म्हणजे त्यांच्याही बायका घासत असणार. मी तिथंच उभी राहिले.

नवऱ्यानं गोणपाट गुंडाळून तोंडाला तोंड बांधलं. पाणी सुटलं ते सगळं सांध्यातून त्याच्याच छातीवर उडालं. नणंद ओरडत होती, "दादा, काहून उभा आहेस? मामंजी आत आहेत रे!" तो उभा नव्हता. दोन्ही हातांनी सांधा आवळून धरत होता. शेवटी शहराचा एक माणूस ओलं गोणपाट डोक्यावर घेऊन आत शिरला आणि म्हाताऱ्याला ओढत बाहेर घेऊन आला. तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला.

पंधरवड्यानं तपासणी आली आणि पितळ पुन्हा घरी आलं. मी हात लावला नाही. नवऱ्यानंच घासलं. तपासणीत त्यानं साहेबांना सांगितलं, हे शहराच्या पाइपाला लागत नाही. साहेब म्हणाले, "चमक अच्छी है."

नणंद त्या वर्षी भाऊबीजेला आली नाही. पुढच्या वर्षी आली. दोघांनी त्या दिवसाचं नाव काढलं नाही, नवरा गेला तोवर नाही.

परवा तिच्याकडे बसले होते. आता दोघीही म्हाताऱ्या. तिचा मुलगा पेपर वाचून दाखवत होता. आगीच्या बंबांसाठी देशभर एक कायदा हवा, अशी मागणी होती. नवी यंत्रं, बंबवाल्यांना पक्कं शिक्षण, एका ठिकाणचे बंब दुसऱ्या ठिकाणी धावून जातील अशी व्यवस्था, आणि सगळीकडे एकाच मापाच्या जोडण्या.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. एवढी वर्षं मी समजत होते, ते तर तेव्हाच केलं असेल. माणूस मेला होता ना त्यात.

"म्हणजे अजून ठरलंच नाही?" मी विचारलं.

"मामी, मागणी आहे म्हणते यात."

नणंद मुलाला म्हणाली, "ती जोडणीची ओळ पुन्हा वाच."

त्यानं वाचली.

"ह्याला कायदा लागते?" ती म्हणाली. "अन् मी दादाशी वर्षभर बोलली नाही."