आधीचं नाव

कळंब्याच्या एका धर्मादाय दवाखान्यात केसपेपरची खिडकी म्हणजे अण्णासो चौगुले, हे एकतीस वर्षं चाललं. गारगोटीकडचा माणूस खिडकीशी येऊन नुसता खोकला, तरी ह्यांचा हात बरोबर त्याच्या गठ्ठ्यावर पडायचा. ज्याला एखादं इंजेक्शन सोसलं नाही, त्याच्या पेपरच्या कोपऱ्यावर ते तांबड्या पेन्सिलीनं फुली मारत. ती बघितल्याशिवाय कुठलाच डॉक्टर सुई उचलत नसे. अण्णासोंना याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

दोन वर्षांपूर्वी संगणक आला. अण्णासो रुसले नाहीत, हे मुद्दाम सांगतो, कारण असल्या वेळी म्हाताऱ्यांनी रुसायचं असतं अशी आपली समजूत आहे. उलट शेजारी बसून त्यांनी एकेक फुली संगणकात भरून घेतली. संगणकावरची मनाली त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवत नसे. एकदा ती म्हणाली, "अण्णा, फॉर्म लई लांबलाय. एखादा रकाना काढूया?"

अण्णासोंनी चष्मा नीट केला आणि 'आधीचं नाव' यावर बोट ठेवलं. "ह्यो काढ. माणसाचं नाव काय बदलतंय व्हय?"

फरशी पुसणाऱ्या तानूबाईंनी मान वर केली आणि पुन्हा फडकं पिळलं. त्यांना विचारलं होतं कुणी? मनालीचं लग्न व्हायचं होतं, तिलाही काही खटकलं नाही. रकाना गेला. मग जुने गठ्ठे टेम्पोत भरून रद्दीत गेले, आणि अण्णासोंना टोकनच्या यंत्राजवळ खुर्ची मिळाली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकानं सांगत, "आता सगळं कॉम्प्युटरात हाय. काय सांगायला लागत न्हाय."

गेल्या सोमवारी सकाळी पहिलटकरीण आली. आधार कार्डावर नाव वर्षाराणी. कळा देऊन थकलेली, बोलायचीही ताकद नव्हती. पोटातल्या बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, तशी ऑपरेशनची घाई सुरू झाली. संगणकात या नावाची कसलीच नोंद नव्हती. मनालीनं नवी नोंद केली, तसं ॲलर्जीपुढं 'नाही' आपोआप उमटलं. स्ट्रेचर आत निघालं, आणि पोरीचा बाप मागून म्हणाला, "तेजू, भिऊ नगंस. मी हितंच हाय."

अण्णासोंनी वळून पाहिलं. बाप म्हणजे गारगोटीचा पिराजी. सोळा वर्षांपूर्वी ह्याच्याच सात वर्षांच्या तेजस्वीला पेनिसिलिनची सुई दिली होती आणि पोरीचे ओठ निळे पडले होते. त्या दिवशी फुली मारताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

"पिराजी, ही तेजस्वी न्हवं?"

"व्हय की. लग्नात तांदळात नाव लिवलं, आता वर्षाराणी."

"सुईचं सांगितलंस का आत?"

पिराजी भाबडेपणानं म्हणाला, "तुमीच म्हणालता की, काय सांगायला लागत न्हाय."

अण्णासोंनी खुर्ची मागं सारली. ते धावले. ऑपरेशनच्या खोलीचं दार त्यांनी खांद्यानं ढकललं. नर्सनं इंजेक्शन भरून सलाईनच्या नळीला लावलं होतं, अंगठा दाबायचा बाकी होता.

"थांबा. पेनिसिलिन सोसत न्हाय तिला."

डॉक्टर श्रुती चिडल्या. "अण्णा, बाहेर व्हा. स्क्रीनवर 'नाही' लिहिलंय."

"ह्या नावानं न्हाय. तेजस्वी पिराजी म्हणून बघा."

नाव टाकलं, आणि तांबड्या अक्षरांत नोंद उघडली. त्याच संगणकात दोन बायका होत्या, टेबलावर एकच. नर्सनं सुई काढून ट्रेमध्ये ठेवली.

औषध बदललं. मुलगी झाली, आईही शुद्धीवर होती. पिराजी अण्णासोंच्या पाया पडायला वाकला, तसे ते मागं सरले. त्यांना लाज वाटली.

दुपारी त्यांनी मनालीकडून सगळ्या फुल्यांची यादी छापून घेतली. पुरुष वगळले. लग्नाच्या वयाला आलेल्या एक्केचाळीस पोरी निघाल्या. प्रत्येकीचं गाव आठवलं, बापाचं तोंड आठवलं. नव्या नावांसाठी त्यांनी बाजूला रेघ ओढली. तासाभरात तीन नावं आठवली. तीही खात्रीची नव्हती.

तानूबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी यादी वाचून घेतली, शेवटपर्यंत.

"ह्यातल्या निम्म्या नावाच्या बायका आता कुठंच न्हाईत, अण्णा," त्या म्हणाल्या. "माझं माहेरचं नाव तरी तुमाला कुठं ठावं हाय?"

अण्णासोंना ते ठाऊक नव्हतं. तेवीस वर्षं ती बाई त्यांच्यासमोर फरशी पुसत होती.

यंत्रानं पुढचं टोकन पुकारलं. कडेवर पोर घेतलेली एक बाई खिडकीशी गेली. अण्णासोंनी तिचा चेहरा निरखून पाहिला, पण ओळख पटेना. मनालीनं विचारलं, "ॲलर्जी हाय काय कशाची?"

"ते समदं कॉम्प्युटरात हाय की," बाई म्हणाली.