कांबळे मॅडमची पाइपलाइन

आमच्या पाणीयोजनेचे पाइप कधीच मातीआड गेले, किस्से मात्र अजून वरच पडलेत. त्या वेळचे दोघं भेटलो आणि एक उचलला की खालचे चार निघतात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. वेल्हे रस्त्यावरच्या गावांना नळाचं पाणी द्यायचं काम होतं. मी नवाकोरा साइट इंजिनिअर, आणि भोरच्या कांबळे मॅडम प्रोजेक्ट मॅनेजर.

*

मार्गासनीला एक अण्णा शेतातून चर खणू देईनात. मी बांधावर नकाशा पसरून उतार, लेव्हल सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "न्हाई."

मग मॅडम आल्या आणि बांधावर बसल्या. अण्णांनी त्यांना विहीर, सून, गुडघा सगळं सांगितलं. उठताना म्हणाले, "बाई, उद्या खणा चर."

जीपमध्ये मी विचारलं, तुम्ही त्यांना काय समजावलंत?

"काहीच नाही. त्यांनी बोलू कुठं दिलं?"

*

पुढं पुण्याच्या ऑफिसनं आम्हाला सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग दिलं. समोरच्याचं नीट ऐका, त्याचंच वाक्य परत म्हणून दाखवा, असं ट्रेनरनी शिकवलं.

खोदाईचं मशीन चालवायचे सलीमभाई, तेही ट्रेनिंगला बसले होते. मॅडमनी त्यांना उद्या लवकर यायला सांगितलं. ते गंभीरपणे म्हणाले, "म्हंजी मॅडम, तुमचं म्हणणं असं, की म्या उद्या लवकर यावं."

मॅडम खूश. सलीमभाई उगवले दुपारी! मी खवळलो, तर म्हणाले, "ऐकायचं शिकवलं सायेब. यायचं कुठं शिकवलं?"

*

याच सलीमभाईंचा आणि आमच्या फिटर रामभाऊंचा अबोला होता. शेजारी उभे राहून माझ्यामार्फत बोलायचे. "त्याला सांगा, चर उथळ हाय." "त्याला सांगा, मला दिसतंय."

मॅडमनी मला दिवसभर भोरला पाठवलं. परतलो तर चर खोल झालेला, पाइपही बसलेले. मी म्हणालो, बोललात म्हणजे शेवटी.

रामभाऊ म्हणाले, "बोल्लो कुठं? भांडलो नुसतं."

*

शेवटच्या गावात पाणी सोडायचा दिवस. पहिला व्हॉल्व्ह कुणी फिरवायचा यावरून सरपंच आणि माजी सरपंच अडून बसले. मी चिठ्ठ्या टाकू म्हणालो, तर दोघं माझ्यावरच उठले. माजी सरपंच तर आपल्या रानातली लाइन उखडायची भाषा करू लागले. बायका सकाळपासून हंडे घेऊन ताटकळलेल्या.

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. मग काळजीनं म्हणाल्या, "व्हॉल्व्ह लई जड आहे हो. एकट्याला न्हाई जमायचं. दोघं मिळून जोर लावाल का?"

दोघांनी चाक धरलं. खांद्याला खांदा, तोंडं लालबुंद. माजी सरपंचांची टोपी पडली. चाक हळूहळू फिरलं, नळाला धार लागली, बायकांनी एकच गलका केला. सरपंचांनी वाकून टोपी उचलली, झटकली आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या डोक्यावर ठेवली.

गर्दी पांगल्यावर मी व्हॉल्व्ह बंद करायला गेलो. दोन बोटांनी गरागरा फिरला.

मी मॅडमकडे बघितलं. त्या इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "अरे, दोन्ही हात लाव. कुणीतरी बघेल."