वार पडेपर्यंत

बाळ जन्माला येऊन रडून घर डोक्यावर घेत असलं, तरी मुलगा की मुलगी हे दमधरबाई सांगत नसत. बाळाला फडक्यात गच्च गुंडाळून त्या पुन्हा बाळंतिणीकडे वळत. दाराबाहेरून कुणी विचारलं की ठरलेलं उत्तर, "दम धरा. अजून वार पडायचीय." वार म्हणजे पोटात बाळाला पोसणारा तो मांसाचा गोळा. तो पुरता बाहेर आल्याशिवाय त्यांच्या लेखी बाळंतपण झालेलंच नसे. त्या सरकारी नर्स होत्या. खरं नाव चारचौघींसारखंच होतं, पण अष्टमी गावापासून आमच्या वरसे गावापर्यंत सगळे त्यांना दमधरबाईच म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा.

आमच्याकडच्या बायका या विषयावर पदराआड बोलत. सातवा महिना असो की कळा सुरू झालेल्या असोत, 'तिला जरा बरं नाय' एवढ्यावर भागवत. बाई भडकत. ताप आहे की कळा आहेत, कळ कंबरेतून पुढे येते की नुसती पोटातच घुटमळते, मधे उसंत मिळते का, पाणमोट फुटली असेल तर पाणी स्वच्छ होतं की हिरवट, हे सगळं पोटुशीने स्वतः आणि मोठ्याने सांगायचं. पहिल्या भेटीत मी लाजून मान खाली घातली, तर म्हणाल्या, "तुझं पोट मला आतून दिसत नाय. तू सांगशील तेवढंच मला कळणार." त्या दिवसापासून माझी लाज गेली ती गेलीच.

माझ्या सासूबाईंशी त्यांचं जमणं शक्य नव्हतं. माझ्या पहिल्या दोन्ही मुली माहेरी झाल्या होत्या आणि दोन्ही बारशांना सासूबाई एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसल्या होत्या. मला त्याचा राग आला होता, आजही थोडा आहे. तिसऱ्या खेपेला मी सासरीच राहिले. या वेळी मुलगाच, असं सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

वालाच्या शेंगा भरत आल्या होत्या, त्या दिवसांतली ती दुपार. बाळ तसं सुखाने आलं, रडलं. सासूबाई दाराशी आल्या. "काय झाला गो बाय?" आतून उत्तर आलं, "दम धरा." त्या थांबल्या. सगळेच थांबले. वार मात्र खाली येईना. माझ्या पाठीखाली काहीतरी कोमट पसरत चाललं होतं. बाईंनी इंजेक्शन दिलं, यजमानांना गाडी आणायला पिटाळलं, आणि मग एकदम गप्प झाल्या. एरवी त्या सतत बोलायच्या. त्यांचं ते गप्प होणं ऐकून मी घाबरले. अंगणात माझ्या दोघी पोरी खेळत होत्या. त्यांचे आवाज येत होते आणि आपण मेलो तर यांचं काय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाईंनी गुंडाळलेलं बाळ माझ्या छातीशी लावलं. दूध ओढलं की गर्भाची पिशवी आवळते, म्हणाल्या. मग सासूबाईंना आत बोलावलं, साबणाने हात धुवायला लावले आणि त्यांचा तळवा माझ्या बेंबीखाली ठेवला.

"गोल चोळत राहा, आजी. पोट घट्ट लागलं पाहिजे. हात थांबला तर सून जाईल."

सासूबाई चोळू लागल्या. तरी एकदा त्यांनी विचारलंच, "पण काय झाला ता तरी सांग."

"सांगितलं तर हात ढिला पडेल तुमचा," बाई म्हणाल्या. "मुलगा असला तरी, मुलगी असली तरी."

सासूबाईंच्या कपाळाचा घाम माझ्या पोटावर पडत होता. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्याच हळूच म्हणाल्या, घट्ट लागतंय. पाठोपाठ एक कळ आली आणि वार पडली. बाईंनी ती परातीत घेतली, दाराशी उजेडात नेली आणि एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे कडेकडेने बोट फिरवून पाहिलं. वाहणं थांबल्याची खात्री केली. मग भिंतीला टेकून खाली बसल्या.

"मुलगी हाय."

सासूबाईंचा हात चालूच होता. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "आता थांबू का?"

पुढे तपासायला आल्या तेव्हा मी बाईंना त्यांच्या या नेमाचं कारण विचारलं. नोकरीच्या सुरुवातीला त्या पेणकडच्या खाडीलगतच्या एका गावात होत्या. तिथे वार पडायच्या आधीच त्यांनी आनंदाने मुलगा झाल्याचं सांगितलं आणि घरच्यांनी त्यांना बाळासकट बाहेर ओढून नेलं. परत आत गेल्या तोवर उशीर झाला होता. "मुलगा म्हटलं की माणसं नाचत बाहेर जातात, मुलगी म्हटलं की तोंड फिरवून जातात," त्या म्हणाल्या. "बाई आत एकटीच राहते."

पुढे त्यांची बदली झाली. त्या वारल्याचं कळलं तेही खूप उशिरा. मला फार वाईट वाटलं. माझ्या तिघी पोरींची आई त्यांच्यामुळे राहिली होती.

माझी ती तिसरी मुलगी पेणच्या एका दवाखान्यात बाळंत झाली, तेव्हा सासूबाई पार वाकल्या होत्या. तरी हट्टाने आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. आतून रडणं ऐकू आलं. एक तरुण नर्स हसत बाहेर आली आणि सांगायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी हात वर केला.

"दम धर गो. आधी वार पडली का ता सांग."