जागृतीनं बोर्ड बदलवला

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेची जागृती म्हंजे रामाजीची सून, धम्मदीपची बायको. माहेर तिचं आष्टीकडचं. पोरगी शिकलेली, डी.एड. केलेली, मास्तरीन व्हायचं होतं तिले. पन मास्तरांची भरती आज निंघते, उद्या निंघते, असं म्हनता म्हनता तिचं लग्न झालं, लेक झाली, लेक शाळेत जाले लागली, आन भरती काही निंघली नाई. धम्मदीप जिल्हा परिषदेत बाबू. सकाळी डबा घेऊन गेला का संध्याकाळी वापस. सासू कमलाबाई वारलेली. मंग दिवसभर घरात कोन, तं जागृती आन तिचा सासरा.

कोनी बाई इचारे, "काय करतं वं तू?" तं ती म्हने, "काही नाई, घरीच असतो." आन हे म्हनतानी तिचा आवाज असा खाली जाये का बाजूच्या खोलीत रामाजी पेपर वाचता वाचता थांबे.

एक दिवस तिनं फोनवर व्हिडिओ टाकला. पाटोडीच्या रश्शाचा. मंग गोळाभाताचा, मंग जवसाच्या चटनीचा. मास्तरीनच ते शेवटी, फळ्यापाशी उभं राहून शिकवल्यावानी शिकवे. "हे पाहा, खोबरं आधी भाजाचं, मंगच वाटाचं. घाई करान तं रस्सा पानचट होईन, मंग मले नाव ठेवू नका." बायाइले तिचं बोलनं लय आवडे. आन वाटन तं असं बारीक का जसं लोनी. बाया खाली लिहत, "ताई, मिक्सर कोनता होय?"

मिक्सर होता भिंगरी कंपनीचा. तिच्या मामानं लग्नात देल्ला, अजून धडधाकट चालते. जागृती सांगत राहे, भिंगरी होय, भिंगरी होय. मंग तिले दिसलं का भिंगरी कंपनीच म्हनून राह्यली, आमचा माल लोकाइले सुचवा आन कमिशन घ्या. ते कसं, तं व्हिडिओच्या खाली एक निळी ओळ टाकाची, तिले लिंक म्हनते. त्या ओळीवर बोट ठेवलं का मानूस सीधा कंपनीच्या दुकानात जाते, फोनवरच्या फोनवर. त्यानं मिक्सर घेतला का जागृतीले कमिशन. माल भरा लागत नाई, गल्ला नाई, उधारी नाई. कापसाच्या बाजारात दलाल गिऱ्हाईक दाखवते ना, तसंच.

तिनं नाव नोंदवलं. कंपनीनं नियमाचं लांबच्या लांब पान धाडलं. तिनं त्याच्यावर बोट सरकवलं, सरकवलं, आन खाली "मान्य" लिहलं होतं ते दाबून टाकलं. कोन वाचते बाप्पा ते!

आता व्हिडिओच्या पेजले नाव काय द्याचं? इथंच ते पोरगी चुकली, पन चुकली ते काही लबाडीनं नाई. रामाजीचं अल्लीपूरले मोटारपंप दुरुस्तीचं दुकान होतं. लग्न होऊन आली तवा जागृतीनं ते पाह्यलं होतं. दुकानावर हा एवढा मोठ्ठा बोर्ड, पंपाच्या कंपनीचं नाव, कंपनीचं चित्र, निळा-पिवळा रंग. आन खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात, रामाजीचं नाव. सारं अल्लीपूर त्या दुकानाले कंपनीच्याच नावानं ओळखे. गावोगावच्या किराना दुकानाचं बी तसंच. बोर्डावर साबनाचं नाव मोठं, दुकानदाराचं बारीक. मंग तिले वाटलं, दुकान म्हंजे असंच असते. तिनं पेजले नाव देल्लं, "भिंगरी मिक्सर, वर्धा". वरतून कंपनीची ते फिरती भिंगरीची निशानी बी चिपकवली. जागृती नाव? ते कुठीच नाई, खाली फक्त फोन नंबर तिचा.

एवढ्यावर राहती तरी ठीक होतं. पन तिनं थोडे पैसे भरून जाहिरात बी लावली. अशी जाहिरात, का कोनी फोनवर "भिंगरी मिक्सर" लिहून धुंडलं का सगळ्यात वर जागृतीचंच पेज दिसे, कंपनीचं त्याच्या खाली. लोक वरच्याच दारातून आत जात. कमिशन सुरू झालं ना मंग! पोरीची फी तिनं भरली. सासऱ्याले चष्मा केला. आता कोनी इचारलं तं म्हने, "माह्यं पेज हाय." आवाज असा खनखनीत का रामाजी पेपराच्या मांगं हासे.

मंग एक दिवस दुपारी फोन वाजला.

"भिंगरीवाली बोलतं काय वं?"

"हो, बोलतो ना."

"तुही भिंगरी जळली पयल्याच दिवशी! हळद टाकली तं धूर निंघाला! मानूस हायेस का कोन हायेस? पैसे वापस कर माह्ये!"

हे होती आष्टीची शोभाबाई. जागृती म्हने, "ताई, मी कंपनी नाई हो, मी नुसता व्हिडिओ टाकतो." शोभाबाई म्हने, "व्हिडिओ टाकतं तं बोर्ड काऊन कंपनीचा लावला? वर तं भिंगरीच लिहून हाय!" आन ठेवला फोन धाडकन. जागृतीनं फिरून फोन लावून तिची पावती मांगून पाह्यली तं तो मिक्सर दुसऱ्याच कोन्या पेजवरून आलता. त्या पेजचं बी नाव भिंगरी, त्याची बी निशानी भिंगरी. मिक्सर मातर नकली. जागृतीले वाईट वाटलं, पन मनात म्हने, आपला काय संबंध?

आन आठ-पंधरा दिवसानं सकाळी तिनं पाह्यलं तं लिंक बंद. कमिशन अडकलेलं. आन कंपनीची नोटीस. आमचं नाव आन निशानी तुम्ही परवानगी नसतानी वापरून राह्यले, आमच्या नावावर जाहिरात लावून राह्यले, हे आठवड्याच्या आत काढा, नाईतं कायद्यानं पुढं पाहू.

पोरगी नोटीस फिरून फिरून वाचत राह्यली. चुलीवर पोहे होते, ते करपले.

धम्मदीप तं भित्राच पहिलेपासून. नोटीस वाचली आन घामानं शर्ट ओला. "मी नोकरीवाला मानूस हावो जागृती! कोर्टाचा कागद आला ना हाफिसात, तं साहेब काय म्हनन? बंद कर ते पेज. आजच बंद कर."

"पुरं बंद करू?"

"पुरं! मुळासकट!"

आन गेला डबा न घेताच. मांगून समजलं, दुपारच्या सुटीत वकिलाकडे गेलता म्हने. वकिलाच्या बोर्डाखाली जरासाक वेळ उभा राह्यला आन तसाच वापस आला.

इकडे जागृती फोन हातात घेऊन बसली. पेज पुसाचं बटन समोर. लाल रंगाचं. तिले कमिशनाचं एवढं नव्हतं वाटून राह्यलं. तिले वाटे, हे पुसलं का आपन फिरून "घरीच असतो". हजार बाया तिचा रस्सा पाहून शिकल्या, त्याइले काय सांगाचं? बोट न्यावं आन मांगं घ्यावं, न्यावं आन मांगं घ्यावं.

रामाजीनं पाह्यलं. चष्मा काढला. म्हने, "काय झालं बाई? धम्मा बिनाडब्याचा काऊन गेला?"

तिनं सारं सांगतलं. सांगता सांगता रडू आलं. म्हने, "मामाजी, तुमच्या दुकानावर तं इतके वर्स कंपनीचं नाव होतं. तुमच्यावर काऊन केस नाई झाली?"

रामाजीनं चष्मा फिरून चढवला. म्हने, "मले का मालूम? पन नोटिशीत फोन नंबर असंल ना? लाव."

"कंपनीले? मामाजी, ते माह्यावर खवळतीन."

"खवळतीन तं खवळू दे. फोनातून हात निंघत नाई कोनाचा. बटन दाबाच्या आधी इचारून तं घे. बटन काई पळून नाई चाललं."

लावला फोन. तिकडून एक बाई बोलली. तिनं आपलं नाव इला म्हनून सांगतलं. बोलनं पुन्याकडचं, सरळ, पन गोड. जागृती एका दमात सारं बोलून गेली, माफी मांगली, मंग रडकुंडीले येऊन म्हने, "मॅडम, मी पेज बंदच करून टाकतो. फक्त केस नका करू. मालक माह्ये नोकरीवर हाय."

"अहो जागृतीताई, थांबा थांबा! पेज बंद करा असं कुठे लिहिलंय त्यात?"

"मंग?" जागृती म्हने.

"आम्ही म्हटलंय आमचं नाव आणि चिन्ह काढा. आणि नावावरची जाहिरात थांबवा. व्हिडिओ काढा असं कुणी म्हटलंय? तुमचा तो पाटोडीचा रस्सा आमच्या ऑफिसात दोघींनी करून पाहिलाय."

जागृतीनं फोन कानापासून दूर करून पाह्यला, हे खरंच नोटीसवालीच बोलून राह्यली का दुसरी कोन. मंग सासऱ्याले ऐकू यावं म्हनून आवाज मोठा केला.

इला मॅडमनं मंग नीट समजावलं. भिंगरी हे नाव आन ते निशानी कंपनीनं सरकारात नोंदवली हाय, त्याले ट्रेडमार्क म्हनते. दुसऱ्या कोनाले ते आपल्या दुकानाचं नाव म्हनून लावता येत नाई.

रामाजी मधातच बोलला, "म्हंजे नावाचाई सातबारा असते म्हना ना!"

"कोण बोलतंय?"

"सासरे होत माह्ये," जागृती शरमली.

"जय भीम मॅडम," रामाजी म्हने. "माह्या पंपाच्या दुकानावर बी कंपनीचाच बोर्ड होता. मंग तवा कसं चाललं?"

"नमस्कार काका. तो बोर्ड कुणी लावला होता? तुम्ही?"

"मी कायले लावू? कंपनीचाच मानूस आलता, पेंटर घेऊन. त्यानंच रंगवला, फोटो काढला आन गेला."

"आणि पुढे?"

रामाजीनं एकदम मांडीवर थाप मारली. "अरे हो! मी त्याइचा माल ठेवनं बंद केलं तं तोच मानूस फिरून आला. चुन्याची बालटी घेऊन! सारा बोर्ड पांढरा करून गेला. माह्यं नाव बी पुसलं लेकानं त्याच्यात!"

तिकडे इला मॅडम हासली, इकडे जागृती डोळे पुसता पुसता हासली. आता तिच्या ध्यानात आलं. बोर्ड कंपनीनं लावला होता, म्हनून चालला. हिनं आपल्याच हातानं रंगवला.

"आणि जाहिरातीचं असं आहे ताई," मॅडम म्हने, "जो माणूस भिंगरी असं लिहूनच शोधतो, तो आमच्याकडेच निघालाय. त्याला तुम्ही दारात अडवून आत सोडता, आणि आम्ही त्याचं कमिशन तुम्हाला द्यायचं. हे नियमात नाही म्हणून लिहिलं होतं आधीच."

"ते मी वाचलंच नाई मॅडम."

"कुणीच वाचत नाही," मॅडम म्हने.

मंग जागृतीले शोभाबाई आठवली. तिनं ते जळलेल्या मिक्सरचं सारं सांगतलं. तवा मॅडम गंभीर झाली. म्हने, "हेच तर. त्या नकली पेजवर आमचं नाव, तुमच्या पेजवर आमचं नाव. त्या बाईंनी खरं कोणतं, खोटं कोणतं, कसं ओळखायचं?" शोभाबाई फोनवर नेमकं हेच वरडून राह्यली होती. जागृतीनं त्या नकली पेजचा पत्ता मॅडमले देल्ला.

शेवटी ठरलं असं. नाव-निशानी काढली का लिंक फिरून सुरू होनार. व्हिडिओतून घेतलेल्या मिक्सरचं कमिशन भेटनार, नावाच्या जाहिरातीतून आलेलं नाई भेटनार. आन जागृतीनं प्रत्येक व्हिडिओत सांगाचं, का तुम्ही या लिंकवरून घेतलं तं मले कमिशन भेटते.

"असं सांगतलं तं कोन घेईन?" फोन ठेवल्यावर जागृती म्हने.

"काऊन नाई घेनार?" रामाजी म्हने. "लपवलं तंच शंका येते. दलाल आपली दलाली तोंडावर सांगते, तरी लोक त्याच्याचकडे जाते. सांग बिनधास्त. आन आता चहा टाक, पोहे तं तू जाळले."

किती दिवसाचा दगड उतरला छातीवरून, असं वाटलं तिले, खरं तं सकाळचाच होता. चहा पिता पिता दोघं बसले नाव शोधाले. तिनं लिहलं, "वर्ध्याची चव". रामाजी म्हने, "वर्धा का तुह्या बापाची हाय? तुह्यं नाव लिही."

"माह्यं कोन वाचन मामाजी?"

"मी वाचीन. माह्यं नाव जिंदगीभर कोपऱ्यात राह्यलं, चष्मा लावला तरी दिसे नाई. तू मोठं लिही."

तिनं लिहलं, "जागृतीच्या हातचं". निशानी काढली, तिथं आपला पाटोडीच्या ताटाचा फोटो लावला. जाहिरात बंद केली. नवीन व्हिडिओत सांगतलं, "बायाहो, माह्या पेजचं नाव बदललं. आधीचं नाव कंपनीचं होतं, मी न इचारता लावलं, ते चुकलं. मी कंपनी नाई. मी भिंगरीत वाटतो, कारन ते चांगली चालते. खालच्या लिंकवरून घेतलं तं मले कमिशन भेटते. नाई घेतलं तरी रस्सा तसाच होते, पाट्यावर वाटा."

धम्मदीप संध्याकाळी आला तं तोंड उतरलेलं. दारातूनच म्हने, "बंद केलं?"

"नाई. बदलवलं."

सारं ऐकलं तं तो खाटेवर बसला. मंग म्हने, "म्हंजे कोर्ट नाई?"

"नाई."

"हाफिसात कागद?"

"नाई हो!"

"मंग जेवाले वाढ वं, सकाळपासून उपाशी हावो मी!" आन एवढं जेवला का दुसऱ्या दिवशीच्या डब्याची भाजी राह्यली नाई.

सुरवातीले पाहनारे कमी झाले, हे खरं हाय. लोक कंपनीच्या दारातून सीधे जाले लागले, कमिशन घटलं. पन ज्या बाया तिच्या बोलन्यासाठी येत, त्या आल्याच. नकली पेज कंपनीनं बंद पाडलं. शोभाबाईचे पैसे मातर बुडाले ते बुडाले. जागृतीनंच तिले फोन करून तक्रार कुठी कराची ते सांगतलं होतं, ते तिनं केली, अजून काही हाती आलं नाई.

पन मंग काही दिवसानं त्याच शोभाबाईचा फोन आला.

"काय वं, जागृतीच बोलतं ना? का आज बी कंपनी हायेस?"

"जागृतीच बोलतो ताई."

"तुहा व्हिडिओ धुंडून धुंडून थकली मी. भिंगरी लिहलं तं तू सापडेच नाई! मंग जागृती लिहलं तं निंघाली. हे पाय, माह्या जावयाले पाटोडी पाह्यजे, आन माह्याकडे मिक्सर तं जळलेला हाय. पाट्यावर किती वेळ वाटू?"

जागृती हासली आन सांगत बसली. रामाजी बाजूच्या खोलीत पेपर वाचून राह्यला होता. तो थांबला नाई, वाचतच राह्यला.