तीन वर्षांचं फिक्स

चौलला घर बांधायला आम्ही वीस लाखांचं कर्ज काढायचं ठरवलं, तेव्हा माझ्या निवृत्तीला चौदा वर्षं उरली होती. नवऱ्याच्या दुकानाचं उत्पन्न आज आहे, उद्या नाही. महिन्याचा पगार माझाच. म्हणजे शेवटचा हप्ता माझ्या शेवटच्या पगारापर्यंत फिटायलाच हवा होता. अट एवढीच. ती सोडून बाकी सगळ्यावर घरात चर्चा झाली.

नवी मुंबईत नोकरी करणारे माझे धाकटे दीर या विषयातले जाणकार. कशावरून, तर त्यांनी स्वतः कर्ज काढलंय. "वहिनी, फ्लोटिंगच घ्या. सात वर्षं भरतोय, हप्ता एक रुपयाने हलला नाही." नवऱ्याला स्थिर दर हवा होता, कारण बँकेतला साहेब म्हणाला होता, "फिक्स घ्या आणि शांत झोपा." त्या झोपेसाठी पाऊण टक्का जास्त. दोघे भाऊ आठवडाभर भांडले. कागद मात्र एकानेही वाचला नाही. वाचला असता तर भांडायला काही उरलं नसतं.

शेवटी सासूबाईंनी ग्रामदेवीला कौल लावायला सांगितला. विहीर कुठे खणावी, लग्न जमवावं की नाही, हे आमच्याकडे देवीला विचारतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण व्याजदर! गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि म्हणाला, "माय, ते फिक्स काय ते घ्यायचं आसंल तर उजवी दे." उजवी पडली. दर स्वतःच ठरवल्यासारखा नवरा गावभर हिंडला.

त्या दुपारी मी बँकेचं मंजुरीपत्र वाचायला घेतलं. फिक्स दर पहिली तीन वर्षं. पुढे बँक ठरवील तो. दुसऱ्या दिवशी मी साहेबासमोर जाऊन बसले.

"मग यात स्थिर काय आहे?"

"तीन वर्षं आहे ना, मॅडम."

"आणि फ्लोटिंगमध्ये दर वाढला तर?"

"टेन्शनच नाही. हप्ता तेवढाच राहतो."

"मग वाढतं काय?"

"मुदत," तो म्हणाला, मला बक्षीस लागल्यासारखा.

फ्लोटिंगचा साडेआठचा दर सुरुवातीलाच दहावर गेला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत तीन वर्षांहून जास्त वाढते. ती सगळी माझ्या निवृत्तीनंतरची. मुदत तीच ठेवली, तर महिन्याला जेमतेम पावणेअठराशे जास्त. हे गणित करायला मला अर्धा तास लागला. दिरांना सात वर्षांत तेवढा वेळ मिळाला नव्हता.

घरी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "देवीचा कौल मोडतेस?"

"आई, ते फिक्स तीनच वर्षांचं, हे देवीला सांगितलं कुणी?"

त्या म्हणाल्या, "मग परत लावू."

मी लावू दिला नाही. फ्लोटिंग घेतलं आणि दर वाढला तर हप्ता वाढवा, मुदत नको, असं बँकेकडून लिहून घेतलं. "असं कुणी मागत नाही, मॅडम," साहेब म्हणाला. ते खरं असावं.

नंतर दर वाढला. आमचा हप्ताही वाढला, आणि त्या वर्षी स्वयंपाकघराच्या फरश्या राहून गेल्या. नवरा अजून कुरकुरतो. कर्ज मात्र ठरल्या महिन्यातच संपणार आहे. दिरांचं आता त्यांच्या साठीनंतर चार वर्षांनी संपतं. परवा आले, तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तुम्ही फसलात. माझा हप्ता बघा, अजून तेवढाच आहे."