आधीचं बरं की आताचं?

चष्मेवाल्याचं डोकं फिरलं होतं, आणि ते त्याच्याखेरीज सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. सकाळी त्याने एका बाईंच्या नव्या चष्म्यात उजवी काच डावीकडे बसवली. दुपारी एका गृहस्थांना तपासायच्या खुर्चीत बसवलं आणि समोरच्या तक्त्यामागचा दिवा लावायलाच विसरला. ते बिचारे अंधारात डोळे ताणून म्हणाले, "मला काहीच दिसत नाही हो." हा म्हणाला, "मलाही."

झालं होतं एवढंच, की मागच्या शनिवारी तो एका बाईबरोबर कॉफी प्यायला गेला होता आणि ती संध्याकाळ चांगली गेली होती. वाईट गेली असती तर काही बिघडलं नसतं. वाईट संध्याकाळींचा त्याला दांडगा सराव होता. चाळिशीला टेकेपर्यंत माणूस एकटा राहिला की नातेवाईक त्याला अशा बऱ्याच संध्याकाळी मिळवून देतात. घरी यायचं, बूट काढायचे, वरणभातासारखं जे काही मऊ असेल ते गिळायचं आणि झोपायचं, हे त्याला जमत होतं. चांगल्या संध्याकाळीनंतर काय करायचं, हे मात्र त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

दुकान त्याचं आणि थोरल्या बहिणीचं. पुढे काउंटरवर ताई, मागच्या खोलीत तो. ताईच्या हाती सापडलेला माणूस फ्रेम घेतल्याशिवाय सुटत नसे. समोरच्याचा चेहरा भोपळ्यासारखा असो नाहीतर पडवळासारखा, "ही तर तुमच्यासाठीच घडवलीय बघा," असं ती इतक्या प्रेमाने सांगायची, की माणूस आरशाकडे न बघता पिशवी धरायचा. ही बाईसुद्धा ताईनेच शोधलेली. तिच्या मैत्रिणीची आतेबहीण. तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायची.

त्या संध्याकाळी तिने आपल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली होती. मोठ्या हुद्द्यावरचे साहेब, कठडा काही केल्या सोडेनात, 'वाचवा, वाचवा' म्हणून ओरडायला लागले. तिने शांतपणे सांगितलं, "साहेब, उभे राहा. पाणी कमरेपर्यंतच आहे." यावर चष्मेवाला इतका हसला, की कॉफी नाकातून बाहेर आली, आणि ते बघून ती हसली. मग तिचा चष्मा एका बाजूला कलतोय, हे त्याला बघवेना. खिशातून बारका स्क्रू-ड्रायव्हर काढून त्याने तिथल्या तिथे दांडी आवळून दिली. तिने चष्मा चढवला, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "अरेच्चा! मला वाटत होतं, दुनियाच तिरकी आहे." निघताना म्हणाली, "पुन्हा भेटू. नक्की."

हा 'नक्की' त्याच्या डोक्यात अडकून बसला होता. 'भेटू कधीतरी' म्हणाली असती, तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पण ती 'नक्की' म्हणाली होती. रात्री त्याने विचारलं, पोचलीस का? 'पोचले. मजा आली,' असं उत्तरही आलं. आणि त्यानंतर जी सामसूम झाली, ती झालीच.

आता शांततेशी याचं जुनं वैर. मागच्या खोलीत त्याचं सगळं आयुष्य एका प्रश्नावर चाललं होतं. एक काच लावायची, काढायची, दुसरी लावायची आणि विचारायचं, "आधीचं बरं की आताचं?" समोरचा गप्प बसला, तर त्याचा अर्थ एकच, त्याला ठरवता येत नाहीये. मग काच बदलायची आणि पुन्हा विचारायचं. या रीतीने त्याने अर्ध्या गावाचे नंबर काढले होते. तेव्हा ती गप्प बसल्यावर त्याने तेच केलं. आधी लिहिलं, 'शनिवार बरा की रविवार?' उत्तर नाही. काच बदलली. 'सकाळ बरी की संध्याकाळ?' उत्तर नाही. 'पिक्चर की नुसतं फिरणं?' 'चहा की कॉफी?' शेवटी तर 'फोन करू की मेसेजच बरा?' हेही लिहून झालं. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा उमटायच्या. वाचलंय, पण दाद नाही.

"ताई, मी काय सरकारी कचेरीत अर्ज देतोय का? निदान पोच तरी मिळते तिथे!"

"तू तिच्याशी बोललास तरी काय त्या दिवशी?"

"बरंच काही. गप्पा मारल्या. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा सिलिंडरचा नंबर म्हणजे काय, ते तिने विचारलं, म्हणून सांगितलं."

"किती वेळ सांगितलंस?"

चष्मेवाला फडक्याने एक स्वच्छ काच पुन्हा पुसायला लागला.

"अरे देवा," ताई म्हणाली. "थांब, मी मैत्रिणीला फोन करते."

"खबरदार! तू मध्ये पडायचं नाहीस."

"मग माझ्या काचा पुसून झिजवू नकोस."

दिवसभर त्याच्या डोक्यात भुंगा. दांडी जास्तच आवळली गेली असेल का? तिचं डोकं दुखत असेल का? तिच्या कानामागे वळ उठला असेल आणि ती आपल्याला जन्मभर शिव्या देणार असेल का? मग मधूनच त्याचा पारा चढायचा. इतकंही काय जड आहे बोटाला? एक 'नाही' लिहायला काय ताम्रपट लागतो? आंघोळ करताना तो तिला खडसावायचा, दाढी करताना तिला निरुत्तर करायचा, आणि तोंड पुसता पुसता पुन्हा फोन बघायचा.

अशात एक आजोबा नंबर काढायला आले. पांढरीशुभ्र मिशी, ताठ मान, तोंडाला कुलूप. चष्मेवाल्याने काच लावली. "आधीचं बरं की आताचं?" आजोबा गप्प. बदलली. "हे की ते?" गप्प. पुन्हा बदलली. गप्प.

चष्मेवाल्याचा बांध फुटला. "अहो आजोबा, बोला की काहीतरी! हो म्हणा, नाही म्हणा, पण माणसाने तोंड उघडायला काय हरकत आहे? समोरचा ताटकळलाय, त्याच्या जिवाची काही पर्वा?"

आजोबांनी ती जड तपासणीची फ्रेम नाकावरून जरा खाली ओढली. "तुम्ही उसंत देता का? एकीत बघावं, तर लगेच दुसरी. मला दोन्ही नको आहेत. पण ते तुम्ही विचारतच नाही."

काउंटरवरून ताईचा खोकला ऐकू आला. तो खोकला नव्हता.

चष्मेवाला हातातली काच खाली ठेवून वळला. मग "आलोच," म्हणून मागच्या दाराने अंगणात गेला, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाशी थांबला आणि त्याने सरळ फोन लावला.

तिने उचलला. मागे शिट्ट्या, पाण्याचा खळखळाट, कुणाचं तरी ओरडणं.

"हॅलो. हं... बोल," ती म्हणाली. आवाज खाली गेलेला.

"पर्याय देत नाही," तो म्हणाला. "एकच विचारतो. तुला पुन्हा भेटायचंय का?"

पाण्याचा आवाज मागे पडला; ती बाजूला गेली असावी.

"नाही," ती म्हणाली. "पण त्या दिवशी मजा आली ती खरी आली हं. खोटं नव्हतं ते. घरी गेले, दार लावलं, आणि माझं मलाच कळलं, की मला एकटीनेच बरं वाटतंय. यात तुझं काही चुकलं नाही."

"मग हेच लिहायचं ना! चार ओळींचं काम!"

"घेतलं होतं लिहायला. तेवढ्यात तुझं शनिवार की रविवार आलं. त्यावर काय लिहू, असा विचार करतेय, तोवर सकाळ की संध्याकाळ. नाही म्हणायला मध्ये फटच सापडेना. मग उशीर झाला, मग उशिराची लाज वाटायला लागली, मग लाजेपायी आणखी उशीर. चुकलंच माझं. तुला असं टांगून ठेवायला नको होतं."

आंघोळीत घासूनपुसून तयार केलेलं भाषण चष्मेवाल्याच्या जिभेवर होतं. सुरुवात तर फारच जबरदस्त होती. पण ज्याला झापायचं, त्यानेच आधी मान खाली घातली, तर झापणाऱ्याने काय करावं? त्याने भाषण गिळलं. ते बरंच मोठं होतं, गिळायला वेळ लागला.

"चष्म्याने डोकं नाही ना दुखत?"

"अजिबात नाही. झकास बसलाय."

"बरं."

"माफ केलंस?"

"एवढ्यात नाही," तो म्हणाला. "पण करीन."

आत आला तेव्हा आजोबा अजून खुर्चीतच होते आणि ताई काउंटर सोडून दारात उभी होती.

"काय म्हणाली?"

"नाही म्हणाली."

ताई भडकली. "नाही? स्वतःला समजते कोण ती? माझा भाऊ काय रस्त्यावर पडलाय? कळवायची साधी रीत नाही बाईला! थांब, आत्ता मैत्रिणीला फोन लावते आणि..."

"ताई, गप्प बस. तिने सरळ सांगितलं, माफीही मागितली. आणि मेसेजचा भडिमार मीच केला होता. कुणालाही धाप लागली असती."

"बघा! आठवडाभर तिच्या नावाने खडे कोण फोडत होतं?"

"मी."

"मग आता काय झालं?"

"आता फोडता येत नाहीत ना!" चष्मेवाला हात झटकत म्हणाला. "वाईट निघाली असती, तर आज रात्री निवांत झोपलो असतो. चांगली आहे गं ती. हीच तर पंचाईत आहे."

 ताईने काउंटरमागे जाऊन त्याच्या वतीने फ्रेमांचा खण धाडकन लावला, आणि तो नीट बसला नाही, म्हणून उघडून पुन्हा एकदा लावला.